रात्री १२८, सकाळी १६४. मध्ये काहीच खाल्लं नाही, मग साखर आली कुठून?

तळ्याकाठी

वडिलांसाठी विचारतोय. वय ६१, उंची १७० सेंमी, वजन ६४ किलो, टाइप २ मधुमेह. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-रात्र, ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ नाश्त्याआधी. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ७.४. घरच्या मीटरवर रात्री साडेदहाला १२० ते १३५ आणि सकाळी सातला १५५ ते १७०, हे रोजचंच झालंय. म्हणून त्यांनी रात्रीचं जेवण बंद करून पाहिलं, नुसतं वाटीभर ताक. सकाळचा आकडा हलला नाही, उलट एकदा १७२ आला. शिवाय रात्री नऊच्या सुमाराला कडकडून भूक लागते आणि ती मारली की दुसऱ्या दिवशी दुपारी दुप्पट जेवतात.

तर रात्रभर पोटात काही नसताना ही साखर येते कुठून? भुकेचा आणि या आकड्यांचा काही संबंध आहे का? संकष्टी आणि एकादशी दोन्ही धरतात. साबुदाण्याची खिचडी खाल्ली की दोन तासांत परत भूक, हे कसं? डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचंय. तोवर घरी काय मोजून ठेवावं तेही सांगा. जांभळाच्या बियांची पूड वगैरे उपाय नकोत, प्लीज.

बेटावरचा

यकृतातून येते. आणि ती यावीच लागते, नाहीतर माणूस झोपेतून उठणार नाही.

हिशोब करून बघा. अंगात साधारण पाच लिटर रक्त. साखर १०० असेल, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १०० मिग्रॅ, तर सगळ्या रक्तात मिळून ५ ग्रॅम ग्लुकोज. चहाचा एक चमचा. एकटा मेंदूच तासाला जवळपास ५ ग्रॅम ग्लुकोज जाळतो. म्हणजे रक्तातला साठा तासाभराचासुद्धा नाही, तो सतत भरत राहावा लागतो. उपाशीपोटी यकृत मिनिटाला किलोमागे सुमारे २ मिग्रॅ ग्लुकोज सोडतं. ६४ किलोच्या माणसाला तासाला साडेसात ग्रॅमच्या वर आणि साडेआठ तासांच्या रात्रीत ६५ ग्रॅमच्या आसपास. यातलं काही यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनमधून येतं (पोटभर जेवल्यावर हा साठा ८० ते १०० ग्रॅम असतो), बाकीचं लॅक्टेट, ग्लिसरॉल, अमिनो आम्लं यांच्यापासून नव्याने बनवलं जातं. रात्रभराच्या उपासानंतर दोन्हींचा वाटा साधारण निम्मा-निम्मा. स्नायूंत यकृताच्या तिप्पट-चौपट ग्लायकोजेन असतं, पण ते ग्लुकोज म्हणून बाहेर सोडणारं विकर (एन्झाइम) स्नायूंकडे नाही. स्नायू आपला माल आपणच वापरतात.

यकृताने किती सोडायचं हे स्वादुपिंडातल्या बेटांवर, म्हणजे हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांत, ठरतं. बीटा पेशींचं इन्शुलिन 'थांब' म्हणतं, अल्फा पेशींचं ग्लुकागॉन 'सोड' म्हणतं. स्वादुपिंडातलं रक्त आधी यकृतात जातं, त्यामुळे हे दोन्ही निरोप यकृताला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत दाट मिळतात. इन्शुलिनपैकी निम्मं तर यकृत पहिल्याच फेरीत काढून घेतं. निरोगी माणसात साखर ८०-८५ च्या खाली येऊ लागली की इन्शुलिन कमी होतं आणि ६५-७० ला ग्लुकागॉन, ॲड्रेनालिन वर येतात. टाइप २ मध्ये दोन बिघाड एकत्र येतात. यकृत इन्शुलिनचं नीट ऐकत नाही आणि अल्फा पेशी साखर आधीच जास्त असतानाही ग्लुकागॉन सोडत राहतात. रक्तात १३० असूनही यकृताला वाटतं, घरात दाणा नाही.

त्यात पहाटेची भर. झोपेच्या पहिल्या टप्प्यात वाढीच्या हॉर्मोनचे उमाळे येतात, त्यांचा इन्शुलिनविरोधी परिणाम काही तासांनी जाणवतो. तीन-चारनंतर कॉर्टिसोल चढू लागतं आणि जाग येण्याच्या सुमाराला टोकाला पोचतं. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. मधुमेह नसलेल्याचं स्वादुपिंड तेव्हा इन्शुलिन जरा वाढवतं आणि आकडा नव्वदीतच राहतो. वडिलांना ती जादाची कुमक मिळत नाही. याला डॉन फिनॉमिनन म्हणतात.

आता जेवण सोडून आकडा का उतरला नाही ते उघड आहे. जेवण नाही म्हणजे इन्शुलिन आणखी खाली, ग्लुकागॉन आणखी वर, चरबीतून मेदाम्लं सुटणार. ती मेदाम्लं यकृताला ग्लुकोज बनवायला इंधन पुरवतात आणि स्नायूंना इन्शुलिनचं ऐकू देत नाहीत. लांबलेल्या उपासानंतरचं पहिलं जेवण म्हणूनच जास्त उसळी मारतं. दुपारच्या दुप्पट ताटानंतर मोजून पाहिलंत का?

कट्टेकरी_४२

एवढं लांबण कशाला? हा सरळ सोमोगी परिणाम आहे. रात्री गोळीने साखर खूप खाली जाते, शरीर घाबरून वर ढकलतं, सकाळी जास्त दिसते. ग्लिमेपिराइड अर्धी करा, विषय संपला.

रक्तरंग

कट्टेकरी, न मोजता गोळी अर्धी करायला सांगू नका. मायकेल सोमोगी यांनी १९३० च्या दशकात ही कल्पना मांडली तेव्हा रात्रभर साखर पाहायची सोयच नव्हती. आता दंडावर सेन्सर लावून दर काही मिनिटांनी मोजता येते. त्यात दिसतं असं, की सकाळी साखर जास्त असणाऱ्या बहुतेकांची रात्री खाली गेलेलीच नसते. आणि ज्यांची रात्री खरोखर खाली जाते त्यांची सकाळची बहुधा कमीच असते, जास्त नाही.

तरी पहाटे तीनची एक तपासणी हवीच, कारण ग्लिमेपिराइडचा अंमल २४ तासांपर्यंत राहतो. तीन रात्री पुरे. चार आकडे लिहा: रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना, पहाटे तीनला आणि डोळे उघडल्या उघडल्या. शेवटचा खरंच अंथरुणातून उठतानाच घ्या. उठून तासभर घरात वावरून, चहा पिऊन मग टोचलं तर पहाटेची वाढ आणि चहातली साखर असं दोन्ही मिळून येईल.

वाचायचं असं. तीनचा आकडा ७० च्या खाली असेल, किंवा घामाने बनियन भिजणं, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड असणं यातलं काही असेल, तर औषध जास्त होतंय. पुढच्या आठवड्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. झोपताना आणि तीनला आकडा सारखाच आणि तिथून सकाळपर्यंत चढ असेल तर डॉन. झोपल्यापासूनच चढत असेल तर दोष जेवणाच्या वेळेत किंवा तेलकटपणात असू शकतो. साडेनऊला पुरी-बटाटा खाऊन साडेदहाला मोजलेला १२८ हा मुक्कामाचा आकडाच नाही, साखर अजून वाटेत आहे. तेला-तुपाने पोट उशिरा रिकामं होतं आणि चढ मध्यरात्रीनंतर येतो.

मीटरबद्दलही सांगतो, कारण निम्मी घबराट तिथेच तयार होते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं सध्याचं प्रमाण असं, की १०० च्या वरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या १५ टक्के आत-बाहेर असावेत. म्हणजे खरी साखर १२८ असेल तर चांगलं मीटरही १०९ ते १४७ काहीही दाखवू शकतं. एका दिवशी १६४ आणि दुसऱ्या दिवशी १७२ यात काही फरक नाही. रोज रात्री १२८ आणि रोज सकाळी १६४ हा मात्र खरा फरक. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. संत्रं सोललेल्या बोटावर आकडा भलताच वर जातो, नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती साखर नीट जात नाही. बोटाच्या कडेला टोचा, पिळू नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, उघड्या डबीतल्या पट्ट्या खुशाल खोटं बोलतात.

आणखी एक. एचबीए१सी ७.४ म्हणजे सरासरी साधारण १६६. रात्री १२८, सकाळी १६४ आणि सरासरी १६६, म्हणजे दिवसा केव्हातरी आकडा १८०-२०० च्या पुढे जात असणार. सगळं लक्ष सकाळच्या आकड्यावर आहे आणि चोर बहुधा नाश्ता किंवा दुपारच्या जेवणानंतर फिरतोय. दोन दिवस नाश्त्याआधी-नंतर आणि दुपारच्या जेवणाआधी-नंतर मोजा. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटं वाढतं. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर खोटं कमी येतं. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या घरांत या तपासणीवर एकट्याने विसंबू नये.

वरणफळ

भुकेचं मी घेते.

रात्री नऊची भूक ही बरीचशी घड्याळाची भूक आहे. जठराच्या वरच्या भागातून घ्रेलिन सुटतं. १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ते शोधलं. ते रोजच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं. गंमत म्हणजे त्या वेळी नाही खाल्लं तरी काही वेळाने आपोआप उतरतं, म्हणून 'भूक मेली' असं वाटतं. जेवणाची वेळ हळूहळू अलीकडे आणली तर काही आठवड्यांत भूकही अलीकडे सरकते. एकदम जेवण तोडण्यापेक्षा नऊचं जेवण साडेसातला आणणं म्हणूनच सोपं जातं.

घ्रेलिन उतरलं तरी शरीर हिशोब विसरत नाही. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात (१९९४, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाचा शोध), ते मेंदूला सांगतं की साठा पुरेसा आहे. कमी खाल्लं की चरबी घटण्याच्या कितीतरी आधी लेप्टिन घसरतं आणि पुढच्या जेवणात हात आवरत नाही. भुकेने झोप मोडत असेल तर दुहेरी फटका. २००४ मध्ये निरोगी तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेवढ्यात लेप्टिन १८ टक्के घटलं आणि घ्रेलिन २८ टक्के वाढलं. दुपारचं दुप्पट ताट हे वडिलांच्या मनोबलाचं अपयश नाही, त्यांना बोलू नका.

आता साबुदाणा. पोट भरल्याची बातमी मेंदूला तीन वाटांनी जाते. जठर ताणलं गेलं की व्हेगस चेतातंतूतून. लहान आतड्याच्या सुरुवातीला स्निग्ध आणि प्रथिनं पोचली की कोलेसिस्टोकायनिनमधून. आणि अन्न आतड्याच्या खालच्या टोकापर्यंत गेलं की जीएलपी-१ आणि पीवायवाय यांच्यातून (ही तिन्ही आतड्याची हॉर्मोनं). हे सगळं जमून यायला वीसेक मिनिटं लागतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तंतू नाहीत, प्रथिनं नावाला. भिजवून वाफवला की तो आतड्याच्या वरच्याच भागात भराभर पचून जातो. साखर उसळते, इन्शुलिन मागे धावतं, खालच्या आतड्यापर्यंत फारसं काही पोचतच नाही. दोन तासांनी साखर उतरणीला आणि तृप्तीची हॉर्मोनं गप्प. भूक लागणारच.

७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याची खिचडी म्हणजे ६५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे मध्यम तीन पोळ्या, वर बटाटा वेगळाच. उपास मोडायची गरज नाही. कोरडा साबुदाणा ३५ ग्रॅमवर आणा, बटाटा वगळा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट घाला (सात-साडेसात ग्रॅम प्रथिनं त्यातच आली), आधी काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही खायचं, मग खिचडी. भगर घेतली म्हणून सुटका नाही, तीही तृणधान्यच. प्रथिनांच्या बाबतीत राजगिरा बरा.

हाच क्रम रोजच्या ताटात लावा: आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ, शेवटी पोळी-भात. पदार्थ तेच, प्रमाण तेच, तरी जेवणानंतरचा चढ कमी होतो, कारण पोट सावकाश रिकामं होतं आणि जीएलपी-१ आधी कामाला लागतं. हे हॉर्मोन रक्तात जेमतेम एक-दोन मिनिटं टिकतं, डीपीपी-४ नावाचं विकर त्याला तोडतं. सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या त्या विकराला रोखतात. जीएलपी-१ सारखं काम करणाऱ्या आणि वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडची रेणूरचना अशी आहे की ते आठवडाभर टिकतं. ६४ किलोच्या माणसाने नुसत्या जाहिरातीवरून त्याच्या मागे लागू नये; वजन उतरताना स्नायूही उतरतात.

औषधी_डबा

वरणफळ यांच्या उपासाच्या सल्ल्यात गोळ्यांचं राहिलं आणि खरा धोका तिथे आहे.

ग्लिमेपिराइड बीटा पेशीचं पोटॅशियमचं दार बंद करतं, त्यामुळे पेशी इन्शुलिन सोडते. रक्तात साखर किती आहे, पुढे जेवण येणार आहे की नाही, याची त्याला पर्वा नाही. सकाळी गोळी घेऊन दिवसभर चहावर राहणं म्हणजे साखर पाडायची सोय करणं. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबतात की फराळ करतात, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि त्या दिवशी गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची हे कागदावर लिहून आणा. मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन एकटं असेल तर साखर सहसा पडत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) गोळी असेल तर निर्जळी उपास मुळीच नको. तिच्याबरोबर साखर दिसायला ठीक असतानाही रक्तात कीटोन साचून आम्लता वाढू शकते. मळमळ, उलट्या, धाप लागली तर मीटरवर १७० दिसतंय म्हणून घरी थांबू नका.

साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीन सपाट चमचे पाण्यात. १५ मिनिटांनी परत मोजा, चढली नसेल तर पुन्हा तेवढंच. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. पेढा, चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धाने साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखरही चटकन उपयोगी पडत नाही, कारण ती फोडणारं विकरच या गोळ्यांनी अडवलेलं असतं. तिथे ग्लुकोजच हवं. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल अशा गोळ्या असतील तर थरथर, धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. त्या घामाकडे लक्ष ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय. आणि शुद्धीवर आलं की संपलं असंही नाही. ग्लिमेपिराइडने पडलेली साखर काही तासांनी पुन्हा पडते, मूत्रपिंड कमकुवत असेल तर जास्तच.

तळ्याकाठी

फार उपयोगी पडलं, मोजायला आजपासूनच सुरुवात करतो. रात्रीचं जेवण साडेनऊलाच असतं, रक्तरंग यांनी बरोबर पकडलं. एकच अडतंय. ते सडपातळ आहेत, बीएमआय २२. मग यकृत इन्शुलिनचं ऐकत नाही हे कसं?

बेटावरचा

कारण वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर बरंच काम केलंय. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, यकृतात, असा साचा सर्रास दिसतो. म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २३ वर धरतात आणि कंबर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंमीच्या आत हवी म्हणतात. वडिलांची कंबर बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, टेपने मोजा. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली बांधतात.

उपाय त्यातूनच निघतो. जेवणातली साखर जायची मोठी जागा म्हणजे स्नायू, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनशिवायही ग्लुकोज आत ओढतो. ग्लुट-४ हे वाहक त्या आकुंचनानेच पेशीच्या पृष्ठभागावर येतात. प्रत्येक जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालायचं. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला टेकून जोर. रात्रीचं जेवण साडेसातला, हलकं पण उसळ किंवा डाळ असलेलं.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताच्या ग्लुकोजनिर्मितीवरच काम करतं आणि सध्या दिवसाला १००० मिग्रॅ चालू आहे. २००० पर्यंत देतात. डॉन निघाला तर रात्रीचा डोस वाढवता येईल का, किंवा रात्री सावकाश विरघळणारी गोळी देता येईल का? त्यासाठी ईजीएफआर (मूत्रपिंडाचं काम मोजणारा आकडा) अलीकडचं लागेल, ३० च्या खाली मेटफॉर्मिन चालत नाही. आणि वडील मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असतील तर बी-१२ जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या, ते या गोळीने कमी होऊ शकतं, पायांना मुंग्या येत असतील तर नक्कीच.